डॉक्टरांची साक्ष आणि डोंगरांतील रुग्ण

डॉ. अरुण गद्रे व डॉ. अभय शुक्ला या उभयतांचा ‘डिसेंटिंग डायग्नॉसिस’ हा इंग्रजी ग्रंथ २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. शहरांत बसून वाचतांना तो आम्हांस परिपूर्ण वाटला होता. तोच ग्रंथ भोर व वेल्हे या तालुक्यांकडे दृष्टि ठेवून पुन्हा वाचला, तेव्हां त्याचें मोल कमी झालें नाहीं; उणीव मात्र दिसूं लागली.

प्रथम त्याचें थोरपण सांगितलें पाहिजे. डॉ. गद्रे हे स्त्रीरोगतज्ज्ञ. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवीं त्यांनीं अनेक वर्षें व्यवसाय केला. त्यांनीं ७८ डॉक्टरांस बोलतें केलें. रुग्ण पाठविल्याबद्दल मिळणारा ‘कट’, अकारण तपासण्या व शस्त्रक्रिया, औषध-कंपन्यांचे नजराणे, मोठ्या रुग्णालयांनीं डॉक्टरांस नेमून दिलेलें कमाईचें लक्ष्य, या सर्वांची कबुली येथें धंद्यांतील माणसांच्याच तोंडून येते. परक्याच्या पंक्तीस नांवें ठेवणें सोपें आहे. स्वतःच्याच पंक्तींत बसून अन्न नासलें आहे असें म्हणण्यास धैर्य लागतें. तें धैर्य या ग्रंथांत आहे.

परंतु येथील साक्षीदार सारे डॉक्टर आहेत, आणि त्यामुळें अनीतीचें जें चित्र उभें राहतें तें मुख्यतः करण्याच्या अनीतीचें आहे. न करण्याची अनीति कोणी सांगावी? वेल्हे तालुक्याची (२०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें त्याचें नांव राजगड करण्यास मान्यता दिली) वस्ती २०११ च्या गणनेंत सुमारें ५४ हजार होती. तोरणा-राजगडाच्या उतारांवर आणि पानशेतच्या जलाशयामागें ती विखुरलेली आहे. भोरांत भाटघरच्या फुगवट्यामागची स्थिति निराळी नाहीं. तेथील पाणी पूर्वेकडच्या शेतांस जात आहे. अशा जागीं कट देण्यासाठींहि आधीं डॉक्टर असावा लागतो! बाळंतपणाची अडलेली बाई पावसाळी रात्रीं वाडीवरून खालीं आणतां आली नाहीं, तर दोष कोणाचा? कोणी लांच घेतलेली नसते, कोणी खोटें निदान केलेलें नसतें. आणि ती कशीबशी पुण्यास पोहोंचलीच, तर तेथून पुढें या ग्रंथाचें जग सुरू होतें. ग्रंथकार शेवटीं सार्वत्रिक आरोग्यसेवेचा पुरस्कार करतात हें खरें. पण ती उपाय म्हणून येते, तिचा अभाव हाच रोग आहे अशा निदानानें नव्हे.

या निदानाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं, पैसा नाहीं म्हणून कोणी उपचारावांचून राहूं नये, असें तत्त्व मांडलें. (आडनांवामुळें आमचे विद्यार्थी ही समिति भोर संस्थानची समजतात!) प्रारंभीं ४० हजार वस्तीस एक आरोग्यकेंद्र व दोन डॉक्टर, आणि पुढें १० ते २० हजारांस ७५ खाटांचें रुग्णालय, असा तिचा संकल्प होता. सध्यांचा निकष सपाटीवर ३० हजारांस व डोंगराळ भागांत २० हजारांस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असा आहे. या हिशेबानें वेल्ह्यास दोन-तीन केंद्रें पुरतात व कागद बिनचूक ठरतो. निकष माणसें मोजतो, चढ मोजीत नाहीं. केंद्र आणि धनगरवाडा यांच्या मधल्या ओढ्यास पूर आला कीं त्याचा हिशेब तेथेंच संपतो.

आश्चर्य हें कीं, ही दुसरी साक्ष ग्रंथकारांच्या हाताशीं होती. महाराष्ट्रांत २००७ पासून पुण्यासह पांच जिल्ह्यांत सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. तिची राज्यपातळीवरील जबाबदारी ‘साथी’ या संस्थेकडे होती, आणि हे दोघेहि त्याच संस्थेचे. गांवकऱ्यांनीं सेवेची पारख करून पत्रकावर हिरवा, पिवळा वा लाल रंग भरावयाचा, आणि जनसुनवाईंत अधिकाऱ्यांसमोर उभें राहून तक्रार मांडावयाची, अशी ती रीत. त्या पत्रकांवर लाल रंग भरणारा हात डॉक्टराचा नव्हता. या ग्रंथांत त्या हाताची खूण आम्हांस आढळली नाहीं. या लेखकांनीं पुन्हा लेखणी उचलली, तर आम्ही प्रथम तीच शोधूं.