ॲप आलं, पत्रक आलं. शेतकऱ्याला सांगितलं काय? ई-पीक पाहणीच्या प्रचाराचं एक वाचन

पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात : सायन्सची पदवी घेऊन शासनाच्या तंत्रज्ञान धोरणात संवाद व्यवस्थापक म्हणून काम करता येतं का? आणि या कामावर संशोधन होऊ शकतं का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो आहे. पण या कामात नेमकं काय करायचं असतं, हे जाहिरातीतली पात्रता वाचून कळत नाही. त्यासाठी झालेलं एखादं काम समोर घेऊन बारकाईनं वाचावं लागतं.

आज तेच करू. उदाहरण आपल्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली सगळीकडे पोचलेलं आहे : ई-पीक पाहणी. ॲप चांगलं की वाईट, हा आजचा विषय नाही. ॲपबद्दल शेतकऱ्याला जे सांगितलं गेलं, त्याची ही समीक्षा आहे. एखादं पुस्तक वाचावं तसा आपण हा प्रचार वाचणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी

सातबारा हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की त्यात दोन वेगळे नमुने आहेत हे विसरतो. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची ते सांगणारा. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, त्या जमिनीत काय पेरलंय ते सांगणारी. बारा नंबर भरणं हे तलाठ्याचं काम होतं (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). एका तलाठ्याकडे अनेक गावं, त्यामुळे बांधावर न जाता मागच्या वर्षीचंच पीक पुढे ओढलं जातं, ही तक्रार फार जुनी आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात हे काम मोबाइल ॲपवर आलं. महसूल आणि कृषी विभागाच्या या प्रकल्पाला टाटा ट्रस्टची मदत होती. शेतकऱ्यानं स्वतः शेतात जायचं, पिकाचा फोटो काढायचा, क्षेत्र टाकायचं, नोंद पाठवायची. पुढे ॲपच्या नव्या आवृत्त्या आल्या, केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडणी झाली, आणि राहिलेल्या नोंदींसाठी गावपातळीवर सहायक नेमण्याची सोय झाली.

वाचन पहिलं : ‘मीच’ या शब्दाचं वजन

मोहिमेच्या घोषवाक्याचा गाभा असा होता : शेती माझी, सातबारा माझा, तर पेऱ्याची नोंदही मीच करणार. ऐकायला छान आहे, आणि त्यात खरेपणाही आहे. शेतात काय पेरलं हे शेतकऱ्याइतकं कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे त्याची नोंद त्याच्या हातात येणं ही मोठी गोष्ट आहे. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण समीक्षकानं ‘मीच’ या शब्दावर थांबायला हवं. एका पगारी कर्मचाऱ्याचं काम विनामोबदला खातेदाराकडे आलं. घोषवाक्यानं या बदलाला हक्काचं रूप दिलं. हक्क बजावला नाही, तर सहसा माणूस होता तिथेच राहतो. कर्तव्य चुकलं, तर नुकसान होतं. ई-पीक पाहणी यातलं दुसऱ्या जातीचं काम होतं, आणि प्रचाराची भाषा पहिल्या जातीची होती. माझ्या मते या संवादाची मूळ अडचण इथे आहे.

आणखी एक गोष्ट. हा ‘मी’ म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे तो. आपल्याकडे किती शेती बटईनं किंवा ठोक्यानं केली जाते, हे वेगळं सांगायला नको. पेरणारा एक, नाव दुसऱ्याचं. कितीतरी घरांत जमीन नवऱ्याच्या नावावर आणि राबते बायको. घोषवाक्यातल्या ‘मी’त ही माणसं बसत नाहीत.

वाचन दुसरं : एकर, आर आणि तास

ॲपमध्ये ‘निर्भेळ पीक’ आणि ‘मिश्र पीक’ असे पर्याय येतात. निर्भेळ हा शब्द आपण दुधासाठी किंवा तेलासाठी वापरतो. शेतात असं कोणी म्हणत नाही. “निव्वळ सोयाबीन हाय” असं म्हणतात. क्षेत्र टाकायचं हेक्टर-आरमध्ये, आणि माणूस बोलतो एकरात. आंतरपिकाचा हिशेब तर तासांत चालतो.

समजा, दोन एकरांचं वावर आहे आणि सोयाबीनच्या सहा तासांमागे तुरीचं एक तास आहे. दोन एकर म्हणजे साधारण ८१ आर. आता सोयाबीनचं क्षेत्र किती लिहायचं? तासांच्या प्रमाणात वाटलं तर सोयाबीन सुमारे ६९ आर. ‘दोन पिकं, म्हणून अर्धं-अर्धं’ असं समजून लिहिलं तर साडेचाळीस आर. ‘तुरीचं काय, मुख्य पीक तर सोयाबीनच’ म्हणून सगळं टाकलं तर ८१ आर. तिन्ही माणसं आपापल्या परीनं प्रामाणिक आहेत.

२०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्यानं हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य जाहीर केलं होतं. तोच दर या उदाहरणाला लावून पाहा. ८१ आरचे ४,०५० रुपये, ६९ आरचे साधारण ३,४५०, साडेचाळीस आरचे २,०२५. म्हणजे एका रकान्याचा अर्थ कसा लावला, एवढ्यावरून रक्कम निम्मी होऊ शकते. तुम्ही सायन्सचे असाल तर याला मापनातली त्रुटी म्हणाल. बरोबर आहे. फक्त ही त्रुटी उपकरणात नाही, सूचनेच्या वाक्यात आहे. ते वाक्य लिहिणं हे संवाद व्यवस्थापकाचं काम.

वाचन तिसरं : न केल्यास काय?

प्रचार-साहित्य वाचताना मी त्याचे चार भाग पाडते : घोषणा, कृती, परिणाम आणि दाद. ‘अमुक योजना सुरू’ ही घोषणा. ‘हे बटण दाबा’ ही कृती. ‘नाही केलं तर हे जाईल’ हा परिणाम. ‘चुकलं तर इथे या’ ही दाद. पहिले दोन भाग आपल्याकडे भरपूर असतात. तिसरा आणि चौथा भाग बारीक अक्षरांत जातो.

वरचंच अर्थसाहाय्य बघा. सुरुवातीला निकष होता ई-पीक पाहणीतली नोंद. ज्यांनी सोयाबीन किंवा कापूस पेरला, पिकवला, विकला, पण ॲपवर नोंद केली नव्हती, ते बाहेर राहिले. ओरड झाली, आणि २०२४ मध्ये ती अट शिथिल करून सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांना सामावून घ्यावं लागलं. निर्णय चांगलाच होता. पण कालक्रम लक्षात घ्या : २०२३ च्या पावसाळ्यात नोंद करताना, किंवा न करताना, पुढच्या वर्षी यावर पैसे ठरणार आहेत हे शेतकऱ्याला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. आकडा एका कामासाठी गोळा झाला आणि नंतर दुसऱ्याच कामाची चाळणी झाला. संशोधनात माहिती एका हेतूनं घेऊन दुसऱ्या हेतूला वापरायची असेल, तर नैतिकता समिती आपल्याला उभं करून प्रश्न विचारते. इथे तो प्रश्न विचारणारं कोण होतं?

हमीभावाचंही तसंच. सोयाबीन खरेदी केंद्रावर नाव नोंदवायला पीक पाहणी असलेला सातबारा लागतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला दर त्याच्या खाली होता. नोंद नसलेल्याला मोंढ्यात व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. एवढी मोठी गोष्ट पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात यायला हवी.

शेतकऱ्याला कळत नाही, हे उत्तर पुरेसं का नाही

असं काही फसलं की कार्यालयात एक वाक्य तयार असतं : जनजागृती कमी पडली. विज्ञान-संवादाच्या अभ्यासात या समजुतीला ‘तुटीचं प्रारूप’ म्हणतात. लोकांकडे माहितीची तूट आहे, आपण ती भरली की काम होईल, असा त्याचा अर्थ.

या समजुतीला मोठा धक्का दिला ब्रायन विन या ब्रिटिश अभ्यासकानं. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला आणि त्यातलं किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगराळ भागात उतरलं. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. ती तीनेक आठवड्यांत उठेल असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात शेवटचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडलं. शास्त्रज्ञांचा अंदाज चिकणमातीच्या वागण्यावर बेतलेला होता. तिथली माती आम्लधर्मी आणि कुजकट, तिच्यात सीझियम घट्ट बसत नाही. ते गवतात आणि गवतातून मेंढीत परत परत येत राहतं. शिवाय मेंढपाळांना आपली कुरणं आणि जनावरांच्या सवयी माहीत होत्या. ते ज्ञान कोणी विचारात घेतलं नाही. अविश्वास वाढला तो अडाणीपणामुळे नाही, अनुभवामुळे.

आता हे आपल्या वावरात आणून बघा. सहा तास-एक तास हा हिशेब शेतकऱ्याकडे आहे. बटईचा तोंडी करार कसा चालतो, हेही त्याला माहीत आहे. तूट असलीच तर ती हे दोन्ही न विचारणाऱ्या बाजूला आहे. म्हणून माझं मत असं, की संवाद व्यवस्थापकाच्या कामाचा निम्मा वेळ गावाकडून मंत्रालयाकडे बातमी नेण्यात जायला हवा. आज त्याला शेवटी बोलावतात. ॲप तयार, तारीख ठरलेली, मग ‘आता जरा प्रसिद्धी करा’. जिल्हा माहिती कार्यालयाकडे प्रेसनोट येईपर्यंत बदलता येण्याजोगं काहीच उरलेलं नसतं.

एक आक्षेप मला मान्य आहे. चार भागांचं पत्रक लांब होतं, आणि लांब पत्रक कोणी वाचत नाही. मग परिणाम आणि दाद वर घ्या आणि घोषणा खाली ढकला. मंत्र्यांचा फोटो लहान केला तरी दोन ओळींची जागा निघते.

आणि हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ४ वाचा. लोकांवर परिणाम करणारं धोरण ठरवताना किंवा निर्णय जाहीर करताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणं, निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना देणं, आणि प्रसार करताना स्थानिक भाषा व त्या भागात परिणामकारक ठरणारी संवादाची पद्धत विचारात घेणं, हे सगळं त्यात आहे. बहुतेक जण या कायद्याकडे अर्ज करण्यापुरतं पाहतात. संवादाच्या समीक्षकासाठी कलम ४ ही मोजपट्टी आहे.

तुम्ही यावर काम करायचं ठरवलंत तर

विषय ‘शासकीय संवादाचा अभ्यास’ एवढा मोठा ठेवू नका. गाइड पहिल्याच भेटीत परत पाठवतील. एक योजना, एक जिल्हा, दोन हंगाम एवढं पुरतं. शासन निर्णय, प्रेसनोट, ग्रामपंचायतीच्या फलकावरची सूचना, असं सगळं तारखेनिशी गोळा करा. प्रत्येक वाक्याला वरच्या चारपैकी एक खूण द्या. एकट्यानं खुणा करू नका. दुसऱ्या कोणाकडून त्याच वाक्यांना स्वतंत्रपणे खुणा करून घ्या आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या कापानं तपासा. कोहेननं ते १९६० मध्ये मांडलं, आणि गणित कॅल्क्युलेटरवर होतं. मग चिखलीसारखा घाटावरचा एक तालुका आणि संग्रामपूरसारखा सातपुड्याच्या पायथ्याचा एक तालुका घ्या. पत्रकात कशाची उत्तरं आहेत आणि लोक सेतू केंद्रावर काय विचारतात, या दोन याद्या शेजारी ठेवा. त्यांच्यातलं अंतर हाच तुमचा प्रबंध.

आकड्यांबाबत एक सावधगिरी. ‘इतक्या लाख शेतकऱ्यांनी नोंद केली’ असं वाचलं की छेद शोधा. एकूण खातेदार किती, त्यातल्या किती नोंदी स्वतः केल्या, किती सहायकानं केल्या? अंश मोठा दिसला म्हणून अपूर्णांक मोठा होत नाही, हे आपण सहावीत शिकलोय.

या विषयाची घाई का, तेही सांगते. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ५०० कोटींच्या तरतुदीसह महाॲग्री-एआय धोरणाला मंजुरी दिली. म्हणजे बारा नंबरातली ती एक नोंद आता अनेक यंत्रणांचा कच्चा माल होणार आहे. आंतरपिकाचं क्षेत्र आज चुकलं तर उद्या ते सल्ल्यातही चुकेल, विम्यातही. तेव्हा कोणत्या ओळीत चूक झाली हे शोधणं आजच्याहून अवघड असेल. या धोरणांची पत्रकं आत्ता लिहिली जातायत. जमवायला सुरुवात करा. फलकावरचा कागद पहिल्या पावसात निघून जातो.