पडीक रान आणि आमचें निसर्गलेखन

आमच्या निसर्गलेखनाचें कालमापन ऋतूंचें आहे. दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’ (१९५६) बारा महिन्यांवर उभें आहे, आणि त्याची थोरवी आम्हांस निःसंशय मान्य आहे. परंतु चक्र म्हटलें कीं गेलेलें परत येणार, हें गृहीतच धरलें. नांगर कायमचा थांबलेल्या जमिनीची कथा अशी फिरून येत नाहीं. ती वर्षानुवर्षें पुढेंच जाते. तिच्याकडे आमच्या लेखकांनीं पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं, ही आमची तक्रार आहे.

जालना जिल्हाच घ्या. १९७२ व २०१२-१३ च्या दुष्काळांनीं त्या भागांतील शेतीची कंबर मोडली. दुसऱ्या खेपेस मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. अशा मुलखांत एखादें शेत पडीक राहिलें म्हणजे प्रथम गवत व टाकळा माजतो. मग तरवड आणि बोरी येतात. तरवडास गुरें सहसा तोंड लावीत नाहींत. बोर तोडली तरी मुळापासून पुन्हा फुटते. निंबोळ्या खाऊन आलेलीं पांखरें या झुडपांवर बसतात, बीं खालीं पडतें, आणि कांट्यांच्या आड शेळीपासून वांचून कडुनिंब वाढूं लागतो. पुढें त्याचीच सावली झुडपाचें ऊन हिरावून घेते. १८७७ च्या सुमारास या देशांत आणलेली वेडी बाभूळ शिरली तर हा क्रमच तुटतो. आपल्या खालीं ती दुसऱ्यास फारसें उगवूं देत नाहीं. येथें कृतघ्नतेचा बोध काढण्याचा मोह लेखकानें आवरावा. जें घडतें तें नीट सांगितलें तरी पुरे.

मराठवाड्याच्या बोलींत ‘रान’ म्हणजे जंगल, आणि ‘रान’ म्हणजे कसलेलें शेतही. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) या शब्दाच्या दोन्ही अर्थांत वावरतात, तरी त्यांचा जीव पिकत्या शेतांत अधिक रमतो. शेताचें रान पुन्हा जंगलाकडे कसें वळतें, हा मधला प्रवास मात्र आमच्या वाङ्मयांत जवळजवळ अलिखित आहे.

तथापि या हिरवाईचें निव्वळ गुणगानही आम्हांस मान्य नाहीं. ज्या निंबाखालीं लेखक विसांवेल, तेथें कुणाची तरी पेरणी थांबलेली असते. अशा जमिनीस ‘ओसाड’ म्हणणारानें ती पाहिलेली नसते, आणि ‘वनश्री’ म्हणणारास तिच्या कुणब्याचा विसर पडलेला असतो. झुडपांचीं नांवें आणि शेत सुटण्याचें कारण हीं दोन्ही ज्यास ठाऊक असतील, त्यानेंच हा विषय हातीं घ्यावा.