'इथलेच' म्हणजे कुठले?

सोलापूरला १९९० साली पहिले अखिल भारतीय मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरले. आपण या मातीतलेच आहोत, हे आपल्या लेखकांनी तेव्हापासून ठामपणे मांडले. ते गरजेचेच होते. पण 'माती' म्हटले की आपल्या लेखनात गाव येते. मोहल्ला, दर्गा, उरूस येतो. गाव सोडून दुसऱ्या मुलखात रुजू पाहणारा माणूस मात्र क्वचितच भेटतो, ही उणीव आम्हांला खटकते.

हमीद दलवाईंच्या 'इंधन'चा (१९६५) नायक मुंबईहून कोकणातल्या गावी परततो आणि आपल्याच माणसांत परका ठरतो. स्थलांतराची ही उलटी बाजू झाली. अण्णा भाऊ साठे यांनी 'माझी मैना' या छक्कडीत मुंबईला आलेल्या कामगाराचा विरह संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाशी जोडला. बार्शीचे अमर शेख मुंबईत रुजले. त्यांच्या पाठीशी कामगार चळवळ होती, १९४४ साली उभे राहिलेले लाल बावटा कलापथक होते.

पिंपरीत येणाऱ्याच्या पाठीशी काय आहे? हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली इथे आली, तेव्हा नोकरीबरोबर वसाहतही मिळे. आजचा कंत्राटी कामगार खोली शोधत फिरतो. आम्हीही मराठवाड्यातून येऊन वल्लभनगरच्या एस.टी. स्थानकावर उतरलो. संत तुकाराम नगरात आमचे नाव ऐकल्यावर 'खोली कालच गेली' हे उत्तर आम्हीही ऐकले. पण एवढेच लिहिले तर ती तक्रार होते, कथा होत नाही.

कथा आमच्या वर्गात आहे. उत्तर प्रदेशातून आलेला मुलगा परभणीकडच्या मुलाच्या 'नक्को'ला हसतो. दखनीने हा शब्द मराठीकडूनच घेतला आहे. आणि आम्ही उर्दूचे शिक्षक तोच शब्द वहीत लाल शाईने खोडतो! इथलेपणाचा पुरावा आमच्याच हाताने पुसतो. घरमालकाने नाकारलेली खोली आपण लिहितो. आपण नाकारलेला शब्द कोण लिहिणार?

देहू इथून फार दूर नाही. आमची मुले वहीवर उजवीकडून डावीकडे पत्ता लिहितात, त्यात तुकोबांचे नाव रोज येते. यांतले कोणी उद्या मराठीत कथा लिहील. तिच्यातला 'नक्को' संपादकांनी खोडू नये, एवढीच विनंती. आमच्या लाल शाईचे आम्ही बघू.