शीर्षकाचे स्थान : ग्वेन स्टेसीच्या मृत्युकथेचे पुनर्वाचन

१९७३ साली ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१व्या अंकात नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी मृत्यू पावते. जेरी कॉनवे लिखित या कथेचे शीर्षक आरंभी नव्हे, अखेरच्या पानावर छापले होते. कारण त्यातच तिच्या मृत्यूची वार्ता होती. ‘द डेथ ऑफ ग्वेन स्टेसी’ या संग्रहित आवृत्तीत मात्र ती वार्ता मुखपृष्ठावरच येते. धक्का ओसरतो; तथापि वाचन उणावत नाही. ‘कोण मरणार’ याऐवजी ‘कशाने’ हा प्रश्न पुढे येतो. ग्रीन गॉब्लिनने पुलावरून लोटलेल्या ग्वेनला नायकाचे जाळे अडवते. गिल केन यांच्या त्या चौकटीत तिच्या मानेजवळ ‘स्नॅप’ हा इवलासा ध्वनिशब्द आहे. वाचवण्याची कृतीच घातक ठरली काय? पुनर्वाचनात ही कथा खलनायकाच्या क्रौर्यापेक्षा नायकाच्या सामर्थ्याची शोकांतिका ठरते.