फेनतरणाचा अपुरा धडा

धातुकाच्या संहतीकरणाचा विषय शालेय पुस्तकांत बहुधा एका वाक्यात आटोपतो: सल्फाइड धातुकाचे कण तेलाने भिजून फेसाबरोबर वर येतात, मृदा अशुद्धी पाण्याने भिजून तळाशी राहते. येथे घनतेपेक्षा कणाचा पृष्ठभाग महत्त्वाचा, हे या वाक्यातून कळते. तेवढे ते चांगलेच आहे. आमची तक्रार पुढची आहे.

राजस्थानातील जावरच्या खाणींत शिशाचे गॅलेना आणि जस्ताचे स्फॅलेराइट एकत्र सापडतात. दोन्ही सल्फाइडेच. मग पुस्तकाच्या नियमाने दोन्ही एकदमच वर यायला हवीत. ती वेगळी कशी करायची?

याचे उत्तर पाण्यात विरघळवलेल्या रसायनांत आहे. पाइन तेलाचे मुख्य काम फेस धरून ठेवणे. कणाला जलविरोधी बनवतो तो झँथेट: त्याचे एक टोक खनिजाला चिकटते, दुसरे पाण्याला टाळते. गॅलेनावर तो सहज बसतो, शुद्ध स्फॅलेराइटवर सहसा नाही. मात्र धातुकातून सुटलेले तांब्याचे आयन स्फॅलेराइटवर बसले, की तेथेही झँथेट चिकटतो. म्हणून अशा धातुकात रूढ रीतीप्रमाणे आधी थोडे सोडियम सायनाइड घालून तांबे बांधून टाकतात आणि गॅलेना वर काढतात. मग मुद्दाम मोरचूद घालतात, की स्फॅलेराइटची पाळी येते.

सामूचेही तसेच. १९३४ साली ऑस्ट्रेलियातील वॉर्क आणि कॉक्स यांनी दाखवले, की लिटरला २५ मिलिग्रॅम एथिल झँथेट असता बुडबुडा पायराइटला सामू १०.५ पर्यंतच चिकटतो, चाल्कोपायराइटला ११.८ पर्यंत. म्हणजे चुना घालून सामू ११ केला, की तांब्याचे खनिज वर येते, पायराइट खाली राहते. सायनाइड तर आम्लात विषारी वायू सोडते. तेथे सामू चुकणे म्हणजे जिवाशी खेळ.

वाक्य अपुरे राहिल्याने एवढे काय बिघडते? विद्यार्थी समजतो, की जलविरोधीपणा हा खनिजाचा जन्मजात गुण. प्रत्यक्षात या खनिजांत तो बहुतांशी भोवतालचे द्रावण ठरवते. शिवाय रसायनेच वगळली, की खाणीच्या टाकाऊ गाळाबरोबर तळ्यात काय जाते, हा प्रश्नही वर्गात उठत नाही. धडा वाढवा असे आम्ही म्हणत नाही. शिक्षकांनी शेवटी एवढेच विचारावे: 'दोन्ही सल्फाइडे असतील तर?'