त्रिकोण तोच होता

भिलाईच्या मरोदा भागात मैत्री बाग आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून पोलाद कारखान्याने ती 1972 साली उभारली. कारखान्याचा करार फेब्रुवारी 1955 चा, पहिली झोतभट्टी 1959 ची. नोकरीच्या निमित्ताने विदर्भातली मराठी कुटुंबेही इथे येऊन स्थिरावली. या वसाहतीला सोव्हिएत राजवटीच्या कारागिरीचा सहवास लाभला आणि पुढे 21 महिने आपल्याच आणीबाणीच्या पाट्याही तिने वाचल्या. हुकूमशाहीत रोजच्या वापरातल्या कलेचे काय होते, हा प्रश्न मरोद्यात उभे राहून विचारण्याजोगा आहे.

दडपशाहीत कला मरते, असे आपण सहज म्हणून जातो. कवीच्या बाबतीत ते खरे असेलही. उपयोजित कलेला मात्र अशा काळात कामाचा तोटा नसतो. सरकारला भिंती रंगवून हव्या असतात, बोधचिन्हे हवी असतात, प्रदर्शने आणि कमानी हव्या असतात. म्हणून किती काम झाले आणि ते किती देखणे होते, ही मोजपट्टी इथे फसवते. ज्याच्यासाठी ती वस्तू केली त्याला ती नाकारता येत होती का, एवढे मी पाहतो.

कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण घ्या. खाली टोक, वर सपाट बाजू, सोबत आई-वडील आणि दोन मुलांचे चेहरे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे चिन्ह आले, आणि त्याचे श्रेय दीप त्यागी यांना दिले जाते. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावे आणि गावातल्या कोणत्याही पेंटरला पट्टी लावून, लाल रंगाच्या एका डब्यात काढता यावे, इतके ते सोपे आहे. भारतीय संकल्पनकलेतल्या उत्तम कामांत मी ते बिनदिक्कत धरतो. मग आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सरकारी नोकरांना ‘केसेस’ची उद्दिष्टे वाटून दिली होती. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. या सगळ्यात त्रिकोणाची एक रेषही बदलली नाही. रंग तोच, कोन तेच. काल दवाखान्याचा पत्ता सांगणारी खूण आज पाहताच लोक शेतात पळू लागले. 1977 मध्ये नव्या सरकारने खात्याचे नाव बदलून ‘कुटुंबकल्याण’ केले, ते उगाच नव्हे.

आणीबाणीत भिंतींवर ‘बातें कम, काम ज्यादा’ झळकत होते. त्या अक्षरलेखनात फारसे काही नव्हते. खरी कल्पकता वर्तमानपत्राच्या पानावर दिसली. 28 जून 1975 ला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने सेन्सॉरशिपच्या निषेधार्थ अग्रलेखाची जागा कोरी सोडली. पान लावणाऱ्याच्या लेखी मोकळी जागा म्हणजे चूक. त्या दिवशी तीच मजकूर झाली. सेन्सॉरला हे इतके झोंबले की कोरी जागा सोडण्यावरही बंदी आली. मग बोलायचे ते सायक्लोस्टाईलवर गेले. स्टेन्सिलवर टंकलेली, कडेला शाई पसरलेली ती पत्रके दिसायला ओबडधोबड होती, पण हातात आल्यावर ती ठेवायची, फाडायची की पुढे द्यायची हे ज्याचे तो ठरवत होता.

सोव्हिएत इतिहासात हीच गोष्ट मोठ्या पटावर दिसते. क्रांतीनंतर पेत्रोग्राडच्या शाही चिनीमातीच्या कारखान्यात कोऱ्या पांढऱ्या बशा पडून होत्या. सेर्गेई चेखोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांवर कोयता-हातोडा आणि घोषणा रंगवल्या. बशी उलटी केली की झारचा शिक्का रंगाचा ठिपका देऊन झाकलेला आणि शेजारी नवा शिक्का! या बशा आजही नजर खिळवतात, पण त्यांत कामगार जेवला नाही. बऱ्याचशा परकीय चलनासाठी विकल्या गेल्या. भिलाईचा करार झाला त्याच वर्षी, नोव्हेंबर 1955 मध्ये, बांधकामातल्या ‘अतिरेका’विरुद्ध मॉस्कोत फर्मान निघाले आणि देशभर एकाच साच्याची घरे उठू लागली. 1962 मध्ये स्थापन झालेल्या व्हनीते या संकल्पन संस्थेने सरकत्या दाराची एक सुरेख टॅक्सी केली. नमुना धावला, कारखान्यात उत्पादन कधीच झाले नाही. ग्राहकाला विचारायची सोय नसेल, तर चांगले डिझाइन कागदावरच राहते.

याला अपवाद मुलांच्या पुस्तकांचा. तिथेही निर्भय वातावरण नव्हते. 1936 मध्ये ‘प्रावदा’ने चित्रकार लेबेदेवच्या बालचित्रांवर हल्ला चढवलाच होता. तरीही पुढे इल्या कबाकोव्ह आणि एरिक बुलातोव्ह यांच्यासारख्या, ज्यांची स्वतःची चित्रे सरकारी दालनांत लागणे शक्य नव्हते अशा चित्रकारांनी बालपुस्तकांवर पोट भरले. सोव्हिएत बालपुस्तके मराठीतही आली आणि लोकवाङ्मय गृहामार्फत अगदी कमी किमतीत घराघरांत पोचली. ती चित्रे आजही टवटवीत आहेत. कारण मला स्पष्ट दिसते: पुस्तक आवडले नाही तर मूल ते बाजूला टाकते, हुकूम मानत नाही. चित्रकाराला त्याचे मन जिंकावेच लागते.

भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींत 1977 मध्ये, आणीबाणी उठताच, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. नियोगी नुकतेच तुरुंगातून सुटले होते. संघाचा झेंडा लाल-हिरवा: लाल कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. त्रिकोणापेक्षाही सोपा, कापडाचे दोन तुकडे जोडले की झाला. तो हाती घेण्याचे उद्दिष्ट कोणाला दिलेले नव्हते. घेणाऱ्याच्या नोकरीवर गदा येण्याचीच शक्यता अधिक होती. तरी खाणकामगारांनी तो घेतला, आणि पुढे स्वतःच्या वर्गणीतून, श्रमदानातून शहीद रुग्णालय बांधले.