शंका कुणाच्या सोयीची?

खेडमध्ये तंबाखूवर बोलायचं तर लांब जावं लागत नाही. स्टँडजवळ टपरी आहे, घरात मशेरीची डबी आहे. ‘आमच्या आजीनं जन्मभर मशेरी लावली, तिला काही झालं नाही,’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. घरात ते बोलणं भाबडं असतं. पण तोच सूर संसदेच्या समितीतून निघाला, की त्याची चिकित्सा करावी लागते.

तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्यानं व्यापावा, हा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. लोकसभेच्या एका समितीनं तो थांबवायला सांगितलं. अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. त्यांचं म्हणणं असं, की तंबाखूनं कॅन्सर होतो हे सांगणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतातला अभ्यास नाही. विडी व्यवसायातले खासदार श्यामाचरण गुप्ता हेही त्याच समितीत होते.

आता इथं आम्ही दोन प्रश्न वेगळे ठेवतो. विधान खरं आहे का, हा पहिला. ते कुणाच्या सोयीचं आहे, हा दुसरा. क्रम उलटा केला तर टीका सोपी होते, पण पोकळ होते.

पहिल्याचं उत्तर मुंबईतच आहे. टाटा रुग्णालयाशी जोडलेले डॉ. वसंत खानोलकर आणि सहकारी यांनी तंबाखू ओढणं-चघळणं आणि तोंडा-घशाचा कॅन्सर यांचा संबंध १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. पुढे १९९० च्या दशकात मतदारयाद्यांवरून मुंबईतल्या सुमारे दीड लाख लोकांची नोंद झाली, त्यांचा मागोवा घेतला गेला. विडी ओढणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा स्पष्ट जास्त निघालं. म्हणजे विधान चूक. गुप्तांचा धंदा कोणता, हे माहीत नसतं तरी चूकच.

उलट बाजूचं उदाहरण घ्या. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते. धूम्रपानाची ओढ आणि कॅन्सर, दोन्ही एकाच आनुवंशिक गुणातून येत असतील, असं ते म्हणाले. शंका तर्काला धरून होती. ‘विकला गेलेला माणूस’ म्हणून ती खोडून निघत नाही. ती खोडली पुराव्यानं. सिगारेट सोडलेल्या ब्रिटिश डॉक्टरांत फुप्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू कमी झाले. दोष निव्वळ आनुवंशिक असता, तर सोडून फरक कसा पडला असता?

मग हितसंबंध पाहायचे कशाला? तर, पुरावा आल्यावरही शंका का संपत नाही, हे समजायला. खरी शंका घेणारा सांगतो, ‘हे दाखवा, मी मत बदलतो.’ सोयीची शंका घेणारा दर वेळी नवा पुरावा मागतो आणि तेवढ्यात वर्ष निघून जातं. इथंही तेच झालं. नियम लागू झाला १ एप्रिल २०१६ ला.

सोलापूर, अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी, हा प्रश्न खरा आहे. तो मजुरीचा प्रश्न म्हणूनच मांडावा, पर्यायी काम मागावं. त्याला विज्ञानाचा मुखवटा लावला, की विज्ञानही फसतं आणि बाईलाही काही मिळत नाही.

आणि आपणही सुटत नाही बरं का. सरकारला तंबाखूचा कर मिळतो, एलआयसीकडे आयटीसीचे शेअर आहेत, आणि आपल्या पॉलिसीचा हप्ता एलआयसीकडे जातो. तेव्हा पुढच्या वेळी आजीचा दाखला देताना स्वतःलाही विचारू या: ही शंका आहे, की सोय?